‘त्रिंकोमाली’ : शिडाच्या एका युद्धनौकेची दीर्घ चाकरी



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय कळवला तेव्हा चालक मंडळींना थोडे आश्चर्य वाटले असावे. मराठी भाषा-साहित्य शिकवण्यात ज्याची हयात गेली आणि जो समुद्रापासून इतक्या दूर माळव्याच्या पठारावर राहतो, त्याने ब्रिटिश आरमारातील एका शिडाच्या जहाजाविषयी का बोलावे, हा प्रश्न रास्तच आहे. त्याची तीन उत्तरे माझ्याजवळ आहेत. पहिले असे की, हे जहाज ब्रिटिश असले तरी ते मुंबईत, सागवानी लाकडात, हिंदी कारागिरांच्या हातून घडले. दुसरे असे की, त्याच्या जन्मकथेत एक असा मनुष्य येतो, ज्याने पुढे आपल्या माळव्याचे भवितव्य फिरवले. तिसरे उत्तर मी शेवटाकडे देणार आहे, कारण ते शाळेशी संबंधित आहे आणि आज आपण शाळेतच बसलो आहोत.

जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. लंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रसिद्ध नैसर्गिक बंदराचे हे नाव आहे. १७८२ मध्ये त्या बंदरासमोर इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती. हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आज, दोनशेहून अधिक वर्षांनी, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या गावी पाण्यावर उभे आहे. तरंगत असलेले ब्रिटनचे सर्वांत जुने युद्धजहाज तेच होय. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ त्याहून जुने आहे खरे. परंतु ते कोरड्या गोदीत उभे आहे, पाण्यावर नाही.

गंमत अशी की, एवढे आयुष्य लाभलेल्या या युद्धजहाजाच्या नावावर एकही गाजलेली लढाई नाही. त्याच गोदीत घडलेली त्याची भावंडे इतिहासाच्या पुस्तकांत नाव मिळवून गेली आणि नाहीशी झाली. हे मात्र उरले. ते का उरले, याचा शोध हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१. फ्रिगेट म्हणजे काय

प्रथम जहाजाच्या जातीविषयी दोन शब्द. शिडांच्या काळात ब्रिटिश आरमाराने आपल्या जहाजांच्या सहा श्रेणी पाडल्या होत्या. श्रेणी ठरे ती तोफांच्या संख्येवरून. शंभर वा त्याहून अधिक तोफा असलेले तीन मजली जहाज पहिल्या श्रेणीचे. वरच्या श्रेणींतील ही अवजड जहाजे एकामागे एक रांग धरून शत्रूच्या रांगेशी भिडत, म्हणून त्यांना ‘रांगेतील जहाजे’ म्हणत. फ्रिगेट ही पाचव्या श्रेणीतील. तिच्या मुख्य तोफा एकाच मजल्यावर असत. बांधा निमुळता, डोलकाठ्या तीन, शिडांचा पसारा मोठा आणि वेग उत्तम. शत्रूचा माग काढणे, व्यापारी तांड्यांचे रक्षण करणे, निरोप पोचवणे, एकट्याने दूरच्या समुद्रात महिनोन्महिने गस्त घालणे ही तिची कामे. आंग्र्यांच्या आरमारातील गुराब आपल्याला इतिहासातून ठाऊक आहे. आकाराने व बांधणीने दोन्हींत पुष्कळ अंतर असले, तरी आरमारातील चपळ आणि लढाऊ घटक या नात्याने गुराबेची आठवण ठेवली तर फ्रिगेटचे स्थान समजणे सोपे जाईल.

‘त्रिंकोमाली’ ज्या वर्गातील आहे त्याला ‘लीडा वर्ग’ म्हणतात. त्याचा मूळ आराखडा इंग्रजांचा नव्हे. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘हेबे’ नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिची घडण इतकी पसंत पडली की तिचे माप घेऊन पुढे चाळीसहून अधिक जहाजे बांधली गेली. म्हणजे आराखडा फ्रेंच, मागणी इंग्रजांची, लाकूड मलबारचे, कारागीर मुंबईचे आणि नाव लंकेचे, अशी या जहाजाची कुळकथा आहे. लांबी सुमारे १५० फूट, रुंदी सुमारे ४० फूट आणि कागदोपत्री दर्जा ३८ तोफांचा.

२. आराखड्यांचा प्रवास

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडमधील ओक वृक्षांची जंगले विरळ झाली होती. एका मोठ्या जहाजाला शेकडो जुने वृक्ष लागत आणि ओक पुरता वाढायला शंभर वर्षे घेतो. तेव्हा मुंबईच्या सागवानी जहाजांकडे ब्रिटिश आरमाराचे लक्ष वळले. ३० ऑक्टोबर १८१२ रोजी ‘त्रिंकोमाली’ची मागणी नोंदवण्यात आली आणि तिचे आराखडे ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवरून मुंबईकडे रवाना झाले. मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रेही त्याच फ्रिगेटवर होते.

हे सामान मुंबईला पोचलेच नाही. त्या वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर ‘जावा’ची गाठ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटशी पडली. काही तासांच्या झुंजीत ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान हेन्री लँबर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि जहाजाने शरणागती पत्करली. ते इतके मोडकळीस आले होते की अमेरिकन कप्तान बेनब्रिज याने ते जाळून टाकले. त्याच्याबरोबर ‘त्रिंकोमाली’चे आराखडेही गेले.

त्या ‘जावा’वर एक महत्त्वाचा प्रवासी होता. मुंबईला वरिष्ठ लष्करी पदावर रुजू होण्यासाठी निघालेला जनरल टॉमस हिस्लॉप तोच. अमेरिकनांनी त्याला कैद केले आणि ब्राझीलच्या बाहिया बंदरात वचनावर मुक्त केले. पुढे तो मद्रासचा सेनापती होऊन हिंदुस्थानात आला. इंदूरच्या श्रोत्यांना आता हे नाव ओळखीचे वाटू लागले असेल. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा ज्या इंग्रज फौजेने पराभव केला, तिचा सेनापती हाच हिस्लॉप. त्याच्यासमवेत जॉन माल्कम होता. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला, होळकरांचे राज्य इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. ज्या शहरात आपण आज जमलो आहोत त्याचे भाग्य या तहाने घडवले.

यात योगायोग किती आणि इतिहासाचे सूत्र किती, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. मुंबईत जहाजे बांधणे आणि महिदपुरास तोफा डागणे ही एकाच सत्तेची दोन कामे होती आणि त्यांना लागणारी माणसे, कागद व तांबे एकाच जहाजातून येत होती. समुद्र आपल्यापासून दूर आहे म्हणून समुद्रावरचा इतिहासही दूर आहे, असे माळव्याने समजण्याचे कारण नाही.

‘जावा’ला हरवणारे ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बोस्टनच्या बंदरात तरंगत आहे, हेही येथेच सांगून ठेवतो. एकाने दुसऱ्याचा जन्म लांबवला आणि दोघेही दोन शतकांनंतर पाण्यावर आहेत.

३. मुंबईची गोदी

आराखड्यांची दुसरी प्रत मुंबईला आली. प्रत्यक्ष काम १८१६ मध्ये सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. बांधणीचा खर्च सुमारे २३,००० पौंड.

या तारखेपाशी मराठी माणूस क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही. त्यानंतर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. सत्तराव्या दिवशी महिदपूर घडले. मुंबईच्या गोदीत नव्या जहाजाच्या पुढच्या कामाची लगबग चालू असताना घाटाच्या वर एक राज्य संपत होते. जहाज बांधणाऱ्यांना याची किती जाणीव होती, हे सांगणारे कागद माझ्या पाहण्यात नाहीत आणि कल्पनेने ती जागा भरण्याचा मोह मी आवरतो. दोन तारखा शेजारी ठेवल्या तरी पुरे.

जहाजाचे मुख्य बांधणीकार होते जमशेटजी बोमनजी वाडिया. हे पारशी घराणे मूळचे सुरतेचे. लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि कंपनीच्या गोदीची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. ‘वाडिया’ हे आडनावच मुळी जहाजबांधणीच्या धंद्यावरून पडलेले. पुढे सुमारे दीडशे वर्षे या घराण्याच्या पिढ्यांनी मुंबईत जहाजे बांधली. जमशेटजींच्या काळात, म्हणजे १८२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, हा धंदा ऐन भरात होता. त्यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचे मोठे जहाज १८१० मध्ये तयार झाले आणि हिंदी कारागीर रांगेतील अवजड जहाजही बांधू शकतात, हे लंडनच्या अधिकाऱ्यांना मान्य करावे लागले.

जहाजाच्या तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारा जो मुख्य कणा, त्याला आपल्या जुन्या दर्यावर्दी मराठीत ‘पठाण’ म्हणतात. पठाण बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी रिवाज होता. ‘त्रिंकोमाली’च्या वेळीही तो पाळला गेला. पठाणीवर दोन्ही बाजूंना फासळ्यांसारखी वाकडी लाकडे उभी करायची, त्यांवर आतून-बाहेरून फळ्या जडायच्या, सांधे बुजवायचे आणि पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे मढवायचे, असा बांधणीचा क्रम असे.

आता सागाविषयी. याच जागी या जहाजाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण सापडते. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्याने लवकर कुजत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनाही बराच काळ दाद देत नाही. उत्तम मुरवलेला साग फारसा आकसत वा फुगत नाही. आणखी एक गुण विशेष आहे. ओकच्या लाकडात आम्ल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात. सागाचे तेल उलट लोखंडाला जपते. ओकची कित्येक जहाजे दहा-पंधरा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येत, त्या वेळी मुंबईची जहाजे भक्कम असत. किंमत अधिक वाटली तरी आयुष्याच्या हिशेबाने ती स्वस्त पडत. आपल्या घरातील आजोबांच्या काळचा सागवानी झोपाळा किंवा दाराची चौकट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

जहाजाच्या नाळेवर पगडीधारी हिंदी पुरुषाचा अर्धपुतळा आहे. मुख्य बांधणीकाराचे नाव इतिहासाने जपले, ही समाधानाची गोष्ट. करवत चालवणारे, तासणी धरणारे, भोके पाडणारे शेकडो सुतार मात्र निनावी राहिले. त्यांची सही असलीच तर ती सांध्यांत आहे.

४. जन्मतःच निवृत्ती

जहाज तयार झाले, परंतु ज्या युद्धासाठी ते मागवले होते ते १८१५ मध्ये वॉटर्लूला संपले होते. तरीही ते इंग्लंडला न्यायचे ठरले. वाटेत २४ जानेवारी १८१९ रोजी ते सेंट हेलेना बेटावर पोचले. नेपोलियन तेथे बंदिवासात होता. सहा दिवसांच्या मुक्कामानंतर जहाज निघाले तेव्हा त्यावर एक जादा प्रवासी होता. आजारी नेपोलियनला तपासलेला आरमारी शल्यवैद्य जॉन स्टोको हाच तो. कैद्याशी तो अधिक सहानुभूतीने वागला, असा बेटाच्या गव्हर्नराचा ग्रह झाला होता आणि पुढे लष्करी न्यायालयापुढे उभे करून स्टोकोला नोकरीतून काढण्यात आले. ज्याच्या भयाने या जहाजाची मागणी नोंदवली गेली, त्या पुरुषाच्या इतक्या जवळून ते गेले ते असे, युद्ध संपल्यावर.

३० एप्रिल १८१९ रोजी जहाज पोर्ट्‌स्मथला पोचले. प्रवासाचा खर्च ६,६०० पौंड. त्यावर आणखी २,४०० पौंड खर्चून त्याची डागडुजी करण्यात आली आणि त्याला राखीव ताफ्यात टाकण्यात आले. राखीव म्हणजे डोलकाठ्या उतरवायच्या, तोफा काढायच्या, वर छप्पर घालायचे आणि बंदरात नांगरून ठेवायचे. अशा अवस्थेत सव्वीस वर्षे गेली. ज्या वयात इतर जहाजे झिजून मोडीत निघत, त्या वयापर्यंत ‘त्रिंकोमाली’ने समुद्रावर कामच केले नव्हते.

या काळात त्याची मुंबईकर भावंडे काय करीत होती, तेही पाहण्यासारखे आहे. १८२७ मध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात नवारिनोच्या उपसागरात तुर्की-इजिप्शियन आरमाराचा नाश झाला, तेव्हा ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन याचे निशाण मुंबईत बांधलेल्या ‘एशिया’वर होते. १८४२ मध्ये चीनला नमवून नानकिंगचा तह करण्यात आला, त्यावर सह्या झाल्या त्या मुंबईच्या ‘कॉर्नवॉलिस’वर. १८३९ मध्ये कराची काबीज करणाऱ्या मोहिमेत ‘वेलस्ली’ होते. ही सारी जहाजे वाडियांचीच. त्यांच्या तोफांनी केलेल्या कामांपैकी किती अभिमानास्पद आणि किती लज्जास्पद, याचा विवेक आपण केलाच पाहिजे. अफूच्या व्यापारासाठी लढलेल्या युद्धाचा तह आपल्या सागवानी फळ्यांवर झाला, ही गोष्ट सुखावणारी नाही.

५. दहा वर्षांची समुद्रसेवा

१८४५ मध्ये ‘त्रिंकोमाली’ची आठवण झाली. तोवर तोफांचे तंत्र पुढे गेले होते. तिच्यावरील तोफांची संख्या कमी करून त्यांचा मारा वाढवण्यात आला, मागच्या भागाची घडण बदलण्यात आली आणि तिला ‘कॉर्व्हेट’ या सहाव्या श्रेणीतील छोट्या वर्गात घालण्यात आले. १८४७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, जहाज पहिल्यांदा खऱ्या कामगिरीवर निघाले.

पहिली फेरी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज विभागात झाली. हैतीमधील दंगलींच्या वेळी उपस्थित राहणे, क्यूबावर होऊ घातलेल्या खाजगी स्वारीला आळा घालणे, गुलामांची चोरटी ने-आण करणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणे अशी कामे त्याच्याकडे होती. १८४९ मध्ये ते न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या थंड किनाऱ्यावर गेले. १८५० मध्ये ते परत आले.

दुसरी फेरी १८५२ पासून पॅसिफिक महासागरात, कप्तान वॉलेस ह्यूस्टन याच्या हाताखाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून गेलेले हे जहाज पाच वर्षे त्या अफाट विभागात हिंडले. १८५४ मध्ये रशियाशी क्रिमियाचे युद्ध पेटले. त्या वर्षी रशियाच्या पूर्व टोकावरील पेत्रोपाव्लोव्स्क या बंदरावर इंग्रज-फ्रेंच आरमाराने केलेला हल्ला फसला. ‘त्रिंकोमाली’ मात्र त्या वेळी उत्तरेस बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे गेले होते. आर्क्टिक प्रदेशात हरवलेल्या सर जॉन फ्रँकलिनच्या शोधात तेथे अडकून राहिलेल्या ‘प्लोव्हर’ या जहाजाला रसद पोचवायची होती. १८५५ मध्ये दोस्तांचे आरमार पुन्हा पेत्रोपाव्लोव्स्कला गेले, या वेळी ‘त्रिंकोमाली’सह. तोवर रशियनांनी गाव रिकामे केले होते. लढाई झालीच नाही.

१८५६ मधील एक प्रसंग मात्र टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आजच्या कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर एका गोऱ्या वसाहतकाऱ्यावर तेथील मूळ रहिवाशांपैकी एकाने गोळी झाडली. वसाहतकारी वाचला. तरीही गव्हर्नर जेम्स डग्लस हा ‘त्रिंकोमाली’वरून चारशेहून अधिक खलाशी व सैनिक घेऊन काउइचन खोऱ्यात उतरला, आरोपीला ताब्यात घेतले, तेथल्या तेथे खटला चालवला आणि त्याच्याच लोकांदेखत त्याला फाशी दिले. युद्धजहाजाच्या सेवेतील ‘शांतता राखणे’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा असा असतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी महिदपूर पाहिले, त्यांना तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच मोहिमेतील एक बारीक तपशील बोलका आहे. त्या अरुंद खाड्यांतून ‘त्रिंकोमाली’ला ‘ऑटर’ नावाच्या एका व्यापारी आगबोटीने ओढून नेले. वाऱ्याची वाट पाहणाऱ्या युद्धजहाजाला धूर सोडणारी लहानशी बोट दोरीने ओढते आहे, हे चित्र एका युगाच्या अस्ताचेच आहे. त्या सागरी भागात आजही ‘त्रिंकोमाली’ आणि ‘ह्यूस्टन’ ही नावे दोन जलमार्गांना आहेत.

१८५७ मध्ये जहाज इंग्लंडला परतले आणि त्याची समुद्रसेवा संपली. दोन फेऱ्या, जेमतेम दहा वर्षांचा काळ, आणि नाव घेण्याजोगी एकही लढाई नाही.

६. शिकवणारे जहाज

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या तिसऱ्या उत्तराकडे येतो. निरुपयोगी ठरलेल्या शिडाच्या जहाजाचे काय करावे, हा प्रश्न होता. पुष्कळांची लाकडे फोडून विकली गेली. ‘त्रिंकोमाली’ला मात्र १८६० च्या सुमारास प्रशिक्षणासाठी देण्यात आले. प्रथम सँडरलंड, मग १८६२ पासून हार्टलपूल आणि १८७७ पासून साउदॅम्प्टन अशा ठिकाणी नौदलाच्या राखीव दलातील लोकांना त्यावर तोफा चालवण्याचे व नौकानयनाचे शिक्षण मिळे. १८९५ पर्यंत हे चालले.

१९ मे १८९७ रोजी ते मोडीत विकण्यात आले. येथे कथा संपायची. पण एक निराळीच घटना घडली. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या एका धनिक गृहस्थाने नेल्सनचे जुने निशाणजहाज ‘फूद्रॉयां’ विकत घेऊन मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरायला घेतले होते. जून १८९७ मध्ये वादळाने ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटले. कॉब हताश झाला नाही. त्याने मोडीत निघालेले ‘त्रिंकोमाली’ घेतले, दुरुस्त केले आणि गेलेल्या जहाजाच्या स्मरणार्थ त्याला ‘फूद्रॉयां’ हे नाव दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे, आधी फाल्मथला आणि नंतर पोर्ट्‌स्मथला, या जहाजावर मुले राहिली. पोहणे, वल्ही मारणे, दोरांच्या गाठी, शिडे हाताळणे आणि, मुख्य म्हणजे, एकमेकांसोबत अडचणीत राहणे ती शिकली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जाऊ इच्छिणारे तरुण येथे तयार झाले. युद्धानंतर शाळांच्या तुकड्या सुटीत येत. १९८६ मध्ये हे काम थांबले.

हिशेब करून पाहा. लढाऊ जहाज म्हणून समुद्रावर दहा वर्षे. शिकवणारे जहाज म्हणून शंभराहून अधिक. ज्याला आपण सेवावृत्तान्त म्हणतो, त्यातील नऊ-दशांश पाने शाळेची आहेत.

या जहाजाच्या शेजारीच अनेक वर्षे ‘इम्प्लेकेबल’ नावाचे दुसरे एक जुने जहाज असे. ते मूळचे फ्रेंच, १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेले. कीर्तीच्या तराजूत ‘त्रिंकोमाली’ त्याच्या पासंगालाही पुरले नसते. परंतु त्याच्या दुरुस्तीसाठी पैसा मिळेना. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांची निशाणे लावून त्याला खोल समुद्रात नेले आणि सुरुंग लावून बुडवले. मुंबईच्या ‘वेलस्ली’चा शेवट १९४० मध्ये टेम्स नदीत झाला. तेही तोवर प्रशिक्षणाचे जहाज झाले होते. जर्मन विमानांच्या बाँबवर्षावात ते बुडाले. ‘एशिया’ १९०८ मध्ये विकले गेले. ‘कॉर्नवॉलिस’ने शेवटी बंदरात धक्का म्हणून काम केले आणि १९५७ मध्ये ते मोडले. मुंबईच्या या सर्व जहाजांचे लाकूड सागच होते. तेव्हा केवळ सागाने जहाज तरले, असे म्हणता येणार नाही. लाकूड उत्तम हवे, पण ते जपावे असे दर पिढीत कुणाला तरी वाटावे लागते; आणि असे वाटण्यासाठी त्या वस्तूचा दर पिढीला काही उपयोग असावा लागतो.

७. मूळ नावाकडे

१९८७ मध्ये जहाज एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणण्यात आले. एकेकाळी जहाजबांधणीने गजबजलेले ते गाव. तेथील कारखाने बंद पडले होते आणि बेकारी माजली होती. ब्रिटनचे पहिले लोखंडी कवचाचे युद्धजहाज ‘वॉरियर’ नुकतेच याच गावात दुरुस्त होऊन गेले होते, त्यामुळे कुशल हात उपलब्ध होते. १९९२ मध्ये जहाजाला त्याचे मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये दुरुस्तीचे काम पुरे झाले. १८६२ ते १८७७ ज्या गावी त्याने शिकवले, त्याच गावी त्याला घर मिळाले. दुरुस्तीत बदलाव्या लागलेल्या भागांव्यतिरिक्त त्याच्या बांध्यात निम्म्याहून अधिक लाकूड अजून मुंबईचे, १८१७ चे आहे.

कित्येक दशके दुसऱ्याचे नाव वागवूनही मूळ नाव परत मिळू शकले, ते कागदोपत्री नोंदी जपल्या होत्या म्हणून. मूळ प्रदेशापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहिलेल्या आपल्यासारख्या समाजाने ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपली नावे, आपल्या शाळांची दप्तरे, हस्तलिखिते, जुन्या स्मरणिका यांची नोंद आपणच ठेवली पाहिजे. दूर गेल्यामुळे ओळख पुसली जात नाही. नोंद ठेवली नाही तर मात्र ती पुसली जाते.

समारोप

मित्रहो, या जहाजाचे मी निर्भेळ कौतुक करू इच्छित नाही. ते साम्राज्याचे हत्यार म्हणून बांधले गेले आणि काउइचनच्या खोऱ्यात ते हत्यार म्हणूनच वापरले गेले. त्याच वेळी जमशेटजी वाडिया आणि त्यांच्या सुतारांचे कौशल्य हे आपल्या भूमीचे धन आहे, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच लाकडात आहेत. एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही. इतिहास शिकवताना आपण विद्यार्थ्यांपुढे दोन्ही ठेवाव्यात.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्य शिकवण्यात वेचले. त्यांच्याही नावावर लढाया नाहीत. दर जून महिन्यात नवी मुले वर्गात येत आणि दर मार्चमध्ये थोडी अधिक शहाणी होऊन जात, एवढाच त्यांचा सेवावृत्तान्त. शाळेच्या इमारतीला दुरुस्ती लागते, निधी लागतो, आणि त्याहून अधिक म्हणजे तिचा आजच्या मुलांना उपयोग असावा लागतो. माजी विद्यार्थी आज मोठ्या संख्येने आले आहेत. त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे की, शाळेचा अभिमान बाळगून थांबू नका. मराठी वाचणारी मुले या बाकांवर पुढेही बसावीत, यासाठी वर्षातले चार दिवस द्या. एखादा वर्ग घ्या, ग्रंथालयाची सूची करा, एका मुलाची फी भरा. कीर्तीवर जहाज तरत नाही, हे आपण पाहिले.